वाचक विचारतात: झेंड्याचा खांब, जकात आणि लांबची बंदरं

प्रश्न: मी कस्टम्समधून रिटायर झालो, मुलगी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा उत्तरेला रसेल नावाचं छोटं बंदर बघितलं. तिथल्या टेकडीवर झेंड्याचा खांब आहे, तिथल्या मूळच्या लोकांनी, म्हणजे माओरींनी, तो चार वेळा तोडला आणि त्याचं कारण कस्टम्स होतं असं गाइडने सांगितलं. नुसत्या जकातीवरून एवढं झालं? आणि नव्या वसाहतीत, रस्ते नाहीत माणसं नाहीत, तिथे कस्टम्स चालवायचे तरी कसे? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर: तुम्ही याच खात्यातले, त्यामुळे तुम्हाला हे पटकन समजेल. गाइडने सांगितलं ते खरं आहे पण अर्धंच.

रसेलचं तेव्हाचं नाव कोरोरारेका. १८४० च्या आधी इथे ब्रिटिश सरकारची सत्ताच नव्हती, तरी बंदर मात्र जोरात चालायचं, कारण व्हेल मारणारी जहाजं, त्यात अमेरिकन भरपूर, पाणी, बटाटे, डुकराचं मांस घ्यायला इथे थांबायची आणि बदल्यात तंबाखू, ब्लँकेट, बंदुका द्यायची. माओरी सरदार जहाजांकडून नांगर टाकायचे पैसे घ्यायचे, आणि होने हेके हा त्यातलाच एक. म्हणजे बंदरावर कर घ्यायची पद्धत इंग्रजांच्या आधीपासूनच होती, फक्त तो पैसा त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांकडे जायचा. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका हाच सांगायचा राहून जातो.

मग ६ फेब्रुवारी १८४० ला ब्रिटिश सरकार आणि माओरी सरदार यांच्यात वैतांगीचा करार झाला, त्यावर सरदारांपैकी पहिली सही हेकेचीच. गव्हर्नर हॉब्सनसमोर लगेच प्रश्न उभा राहिला की सरकार चालवायला पैसा आणायचा कुठून. शेतसारा म्हणावा तर जमिनीची मालकी कोणाची हाच वाद चालू, इन्कम टॅक्स कोणाकडून घेणार, वस्त्या सगळ्या समुद्रकाठी आणि एका वस्तीतून दुसरीकडे जायचं तर बोटीनेच. सगळा माल समुद्रातूनच येतो तर कर पण तिथेच घ्या, असं ते गणित. १८४१ पासून दारू, तंबाखू, चहा, साखर यांच्यावर ड्यूटी लागली, त्याच वर्षी राजधानी पण ऑकलंडला हलली.

आता कामाचं बघा. मोठ्या बंदरात कलेक्टर, बाकी ठिकाणी सब-कलेक्टर. जहाज आलं की वल्ह्याच्या बोटीने त्याच्यापर्यंत जायचं, मॅनिफेस्ट म्हणजे मालाची यादी तपासायची, माल उतरेपर्यंत एक माणूस जहाजावरच बसवायचा, ड्यूटी भरलेली नसेल तर माल कुलूपबंद गोदामात टाकायचा. कागदावर तुमच्या वेळेसारखंच सगळं. पण प्रत्यक्षात छोट्या बंदरात हे सगळं एकदोन माणसांवर, आणि तोच माणूस कधी मॅजिस्ट्रेट, कधी पोस्टमास्तर. समोर शेकडो मैल किनारा आणि त्यात खाड्याच खाड्या, कॅप्टनला ड्यूटी नको असेल तर तो पुढच्या खाडीत जाऊन तंबाखू देऊन बटाटे घेणार, तिथे विचारायला कोण येणार?

इथेच सगळं बिघडलं असं माझं मत. कर फक्त जिथे ऑफिस आहे तिथेच वसूल होतो, म्हणजे ज्या बंदराने सरकारला मानलं तेच महाग झालं. व्हेलवाली जहाजं कोरोरारेकाला यायची कमी झाली, माल महागला, माओरींच्या बटाट्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, नांगराचे पैसेही गेले. आणि टेकडीवर ब्रिटिश झेंडा, जो जहाजांना लांबूनच सांगतो की इथे आता सरकार कोणाचं. लोकांच्या मनात झेंडा आणि जकात एकत्र जोडले गेले यात नवल काहीच नाही.

८ जुलै १८४४ ला हेकेच्या माणसांनी खांब पहिल्यांदा तोडला. तेव्हा गव्हर्नर होता रॉबर्ट फिट्झरॉय, डार्विन ज्या बीगल जहाजावरून गेला त्याचा कॅप्टन. आधी त्याने बे ऑफ आयलंड्सपुरती, म्हणजे कोरोरारेका ज्या उपसागरात आहे तिथलीच, जकात काढली, मग बाकीच्या बंदरांचे व्यापारी म्हणणारच की आम्ही काय पाप केलं, म्हणून सप्टेंबरमध्ये अख्ख्या वसाहतीतली काढून टाकली आणि त्याऐवजी मालमत्तेवर कर लावला. तो नीट वसूल होईना, तिजोरी आधीच रिकामी, पगार भागवायला कागदी डिबेंचर म्हणजे सरकारी कर्जरोखे छापले होते, शेवटी एप्रिल १८४५ ला जकात परत आणली. फिट्झरॉयला सगळे नावं ठेवतात पण मला त्याची बाजू पटते, निदान लोकांचं दुखणं काय आहे ते त्याने ऐकलं तरी.

पण जकात गेली तरी खांब वाचला नाही, हे लक्षात घ्या. जानेवारी १८४५ मध्ये दोनदा आणि ११ मार्चला चौथ्यांदा तोडला आणि त्या दिवशी कोरोरारेका गावही माओरींच्या हाती गेलं. म्हणजे मूळ भांडण सत्तेचं होतं, या भूमीवर हुकूम कोणाचा चालणार याचं. जकातीमुळे ते रोजच्या तंबाखूच्या भावात दिसायला लागलं एवढंच. नंतर १८५८ ला खांब परत उभा राहिला तो सरकारने नाही, हेकेचा साथीदार कावितीच्या मुलाने पुढाकार घेऊन आपल्या माणसांकडून उभा करून घेतला.

प्रश्न: जिथे गावच नाही अशा किनाऱ्यावर पण जकात घ्यायचे का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर: हो. उत्तर ऑस्ट्रेलियाचंच उदाहरण घ्या. तो भाग तेव्हा साउथ ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात, सरकार पार दक्षिणेला ॲडलेडला, आणि कस्टम्सचा सब-कलेक्टर पोर्ट डार्विनला, १८८२ पासून आल्फ्रेड सर्सी. या किनाऱ्यावर मकास्सरचे (आजच्या इंडोनेशियातलं बंदर) खलाशी कित्येक पिढ्या येत होते, मॅथ्यू फ्लिंडर्सला १८०३ मध्येच त्यांचा ताफा भेटला होता. डिसेंबरच्या सुमारास वायव्येच्या वाऱ्यावर यायचे, ट्रेपांग म्हणजे समुद्री काकडी गोळा करून उकडायची, धुरी देऊन वाळवायची, एप्रिलच्या आसपास वारा फिरला की परत. हा माल पुढे चीनला जायचा. सोबत आणलेला तांदूळ, तंबाखू, दारू ते स्वतः वापरायचे आणि तिथल्या मूळच्या लोकांना कामाच्या बदल्यात द्यायचे.

१८८० च्या दशकात सरकारने त्यांना लायसन्स आणि ड्यूटी लावली. क्रोकर बेटाजवळच्या बोवेन स्ट्रेट या सामुद्रधुनीवर एडवर्ड रॉबिन्सनला कस्टम्सचं काम दिलं, जहाजांनी आधी तिथे हजेरी लावायची. हा रॉबिन्सन स्वतःच ट्रेपांगचा धंदा करणारा, म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा त्याच्याकडूनच कर गोळा करणार. अशा जागी दुसरा माणूस मिळणं अवघड हे मान्य, तरी मला हे न्यायाचं वाटत नाही. शेवटी १९०६ ला सरकारने लायसन्स द्यायचंच बंद केलं, १९०७ ला शेवटचं जहाज परत गेलं, आणि किनाऱ्यावरच्या मूळच्या योल्ङू लोकांचा दरवर्षीचा व्यापार बुडाला, त्यांना कोणी काही विचारलंही नव्हतं.