सेवा-शिक्षणाच्या वर्गासाठी वाचनसाहित्य कसे निवडावे आणि कोठे शोधावे?

आपला प्रश्न असा आहे की, माध्यमिक शाळेच्या वरच्या इयत्तांसाठी सेवा-शिक्षणाचा (सर्व्हिस-लर्निंगचा) वर्ग सुरू होत आहे, विद्यार्थी ठरावीक तास एखाद्या संस्थेत काम करतील आणि उरलेल्या तासिकांत वाचन व चर्चा होईल. तर त्यांना वाचायला काय द्यावे आणि ते मिळवावे कोठून? हा विषय मी स्वतः शिकवतो, त्यामुळे जे वर्गात चालले त्याच्याच आधारे उत्तर देतो.

सेवेचा महिमा गाणारे लेख पहिल्या छाननीतच बाजूला काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सहज सापडतात, वाचायला सोपे असतात, मुले माना डोलावतात आणि चर्चा तेथेच आटोपते. आपल्याला हवा तो मजकूर विद्यार्थी स्वतः करत असलेल्या कामाविषयी त्यांच्या मनात शंका उत्पन्न करणारा असावा, आणि तो शक्यतो अशा माणसाने लिहिलेला असावा ज्याने ते काम जवळून केले आहे किंवा ज्याच्या वाट्याला ती मदत आली आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकी समाजसेविका जेन अ‍ॅडम्स. त्यांनी १८८९ मध्ये एलेन गेट्स स्टार यांच्यासह शिकागोच्या स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत ‘हल हाउस’ हे तेथेच राहून रहिवाशांना मदत करण्याचे केंद्र सुरू केले आणि १९१० मध्ये तेथील वीस वर्षांचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यातील गरिबीच्या प्रश्नांवरील प्रकरणात एका बेकार कारकुनाची हकीकत आहे. तो मदत मागायला येतो, तेव्हा नियमाप्रमाणे त्याला कालव्याच्या खोदकामावर जाण्यास सांगितले जाते. आपण आजवर घरात बसूनच काम केले आहे आणि हिवाळ्यात उघड्यावरचे कष्ट झेपणार नाहीत, असे तो सांगतो. तरीही अ‍ॅडम्स नियमावर ठाम राहतात. मी हा उतारा येथेच थांबवतो आणि ‘तुम्ही त्याला काय सांगितले असते?’ याचे उत्तर प्रत्येकाकडून लेखी घेतो. बहुतेक मुले नियमाची बाजू घेतात आणि कारणेही चांगली देतात. मग पुढच्या ओळी वाचायच्या: दोन दिवस खोदकाम करून त्याला न्यूमोनिया झाला आणि आठवड्याने तो वारला. लेखिका स्वतःला यातून सोडवून घेत नाहीत, आणि वर्गात त्या पानावर जी शांतता पसरते ती कोणत्याही उपदेशपर लेखाने पसरत नाही.

विचारवंत इव्हान इलिच यांनी २० एप्रिल १९६८ रोजी दिलेले भाषणही जरूर घ्यावे. मेक्सिकोतील खेड्यांत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोरच त्यांनी सांगितले की, पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मात्र हे भाषण पहिल्या आठवड्यात देऊ नये. काम सुरू होण्याआधी वाचले, तर उत्साही मुले दुखावतात आणि आळशी मुलांना आयती सबब मिळते. काही आठवडे काम झाल्यावर वाचले, तर मुले त्याच्याशी भांडू शकतात, कारण भांडायला लागणारा अनुभव आता त्यांच्याजवळ असतो. (शिक्षकांना हे भाषण विद्यार्थ्यांपेक्षा जास्त झोंबते, हे जाता जाता सांगतो.) सुरुवातीला त्याऐवजी नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांचे एकाच बाजूच्या गोष्टीच्या धोक्याविषयीचे २००९ मधील भाषण द्यावे. घरकाम करणाऱ्या मुलाच्या कुटुंबाविषयी ‘ते गरीब आहेत’ एवढेच ठाऊक असताना त्याच्या भावाने विणलेली सुंदर टोपली पाहून लहानपणी त्यांना जो धक्का बसला, तो प्रसंग या वयाच्या मुलांना चटकन कळतो.

आता ज्या साहित्याकडे बहुतेक शिक्षक पाहतच नाहीत, त्याकडे वळतो: विद्यार्थी जेथे काम करणार आहेत, त्या संस्थेचेच कागद. वार्षिक अहवाल, देणगीचे आवाहन, स्वयंसेवकांसाठीच्या सूचना आणि विशेषतः मदतीसाठी भरावयाचा कोरा अर्ज. एका नातेवाइकाकडून दुसऱ्याकडे राहत फिरणारी, हातावर पोट असलेली एक काल्पनिक व्यक्ती ठरवून द्यावी आणि तिच्या वतीने मुलांना अर्ज भरायला लावावा. ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी पेन थांबते. ‘मासिक उत्पन्न’ येथे वाद सुरू होतो: गेल्या महिन्याचे लिहायचे की चांगल्या महिन्याचे? हे रकाने कोणासाठी आहेत, येणाऱ्या माणसासाठी, संस्थेच्या हिशेबासाठी की देणगीदारासाठी, हा प्रश्न मग कोणी न सुचवताही निघतो. त्यानंतर त्याच संस्थेचे आवाहनपत्रक शेजारी ठेवून वाचावे आणि त्यात त्या माणसाचे वर्णन कसे केले आहे ते पाहावे. कागद संस्थेच्या परवानगीनेच घ्यावेत. भरलेले अर्ज किंवा कोणाची वैयक्तिक नोंद वर्गात कधीही आणू नये.

शोधण्याच्या पद्धतीविषयी एक सूचना. ग्रंथालयात किंवा इंटरनेटवर ‘सेवा’, ‘स्वयंसेवक’ अशा शब्दांनी शोध घेतला, तर प्रेरणादायी मजकुराचा ढीग हाती येतो. त्याऐवजी प्रत्यक्ष प्रश्नाच्या नावाने शोधावे: घरभाडे, कर्णबधिरांचे शिक्षण, वृद्धांचा एकटेपणा, नदीतील सांडपाणी. ग्रंथपालालाही ‘सेवेवरचे काही आहे का?’ असे न विचारता, ‘आमची मुले वृद्धाश्रमात वाचून दाखवायला जातात, तर म्हातारपण आतून सांगणारी कथा किंवा आत्मकथन हवे’ असे विचारावे, म्हणजे नेमके काही हाती पडते. वर्तमानपत्रांचे जुने अंक आणि जनगणनेचे तक्ते यांचाही उपयोग होतो, पण तक्ता एका वेळी एकच द्यावा.

अ‍ॅडम्स यांचा ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त असून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या इंटरनेटवरील ग्रंथसंग्रहात विनामूल्य मिळतो, त्यामुळे त्याच्या प्रती काढण्यास हरकत नाही. अलीकडच्या लेखनासाठी मात्र परवानगीचे नियम पाहून घ्यावे लागतात. उतारा चार-पाच पानांहून मोठा नसावा; कामावरून थकून आलेली मुले घरी फारसे वाचत नाहीत, म्हणून मी तो तासिकेतच, मोठ्याने वाचून घेतो.