जुन्या एमजीबीसाठी पॅनेल बाहेरून मागवावीत की सोलापुरातच पत्रा घडवून घ्यावा?

आपला प्रश्न असा आहे की, १९७१ सालच्या एमजीबी रोडस्टरची (ही छत नसलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पुढची मडगार्ड आणि दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दरवाजाखालचे लांब पत्रे, गंजले असताना ब्रिटनमधून मूळ साच्यावर काढलेली पॅनेल मागवावीत, स्वस्तातली पॅटर्न पॅनेल, म्हणजे मूळ साच्याविना केलेल्या नकला, घ्यावीत, की इथेच पत्रा घडवून घ्यावा. शेवटी आपण सहज म्हणून ‘सोलापुरात असे काम करणारे कोणी उरले आहे का’ असेही विचारले आहे. मी लिहायला बसलो तो मुख्यतः या शेवटच्या वाक्यामुळे, कारण माझे पुण्याचे मेहुणे हेच वाक्य मला प्रत्येक लग्नकार्यात ऐकवत आले आहेत.

सिलबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते मूळ साच्यावरचेच घ्यावेत. या गाडीला वेगळी चासी (खालची पोलादी चौकट) नाही आणि रोडस्टरला छतही नाही, त्यामुळे गाडीचा सगळा ताण बाहेरचा सिल, आतला सिल आणि खालची पट्टी मिळून झालेल्या पेटीवर येतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था जुन्या साच्यांवर ही पॅनेल काढते आणि १९८८ पासून एमजीबीचा संपूर्ण सांगाडाही तयार करते. गंजलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून वरून लांबी (पुट्टी) भरणाऱ्या माणसाकडे गाडी सोडू नये. सिलचे पुढचे टोक मडगार्डच्या मागे आणि मागचे टोक मागच्या मडगार्डच्या आत जाते, म्हणून पुढचे मडगार्ड उतरवल्याशिवाय आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापल्याशिवाय हे काम नीट होतच नाही.

मडगार्डची गोष्ट वेगळी आहे आणि आमचा वाद तिथेच झाला. माझ्या गाडीचे डावे मडगार्ड खालच्या कडेला, सिलच्या वर, वीतभर कुजले होते. सोलापूरची हवा कोरडी असली तरी मडगार्डच्या आत साचलेली माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते, आणि गंज तिथूनच लागतो. बाकीचा पत्रा खणखणीत होता. मेहुण्यांचा आग्रह असा की, जुने भंगारात घालून नवे लावावे, आणि माझ्या होकाराची वाट न पाहता त्यांनी एका विक्रेत्याकडून पॅटर्न मडगार्ड मागवलेही. ते आले तेव्हा काळ्या प्रायमरमध्ये अगदी देखणे दिसत होते, पण तो काळा लेप चांगल्या-वाईट सगळ्याच पॅनेलवर असतो आणि त्यावरून काहीही कळत नाही. बोल्ट हाताने लावून पाहिले, तर दरवाजाच्या फटीत वर बोट जात होते आणि खाली पोस्टकार्डही शिरत नव्हते. शिवाय बाजूची उठावाची रेघ दरवाजावरच्या रेघेपेक्षा खाली उतरली होती. विक्रेत्याने ‘थोडे जुळवून घ्यावे लागते’ असे कळवले. जुळवायचे म्हणजे नव्या पत्र्याला कापून पुन्हा जोडायचे. मग जुन्यालाच का जोडू नये, हा माझा प्रश्न होता आणि मेहुण्यांनी त्याचे उत्तर आजतागायत दिलेले नाही.

होटगी रस्त्याच्या बाजूला काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी जुन्या मडगार्डचा कुजका भाग कापला, २० गेजच्या पत्र्याचा तुकडा हातोडा आणि डॉलीवर (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) वळवून घेतला आणि थोड्या थोड्या अंतरावर वेल्डिंगचे टाके मारत, मधे पत्रा थंड होऊ देत तो जोडला. एके ठिकाणी पत्रा ताणून फुगला, तेव्हा त्यांनी गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा भाग लाल केला, हलकेच ठोकला आणि लगेच ओले फडके दाबले. फुगवटा डोळ्यांदेखत बसला. लांबीचा हात त्यावर नखाच्या जाडीइतकाही द्यावा लागला नाही. मेहुण्यांनी गाडी पाहिल्यावर ‘रंग छान झाला आहे’ एवढेच म्हटले.

तेव्हा पुढच्या मडगार्डचा वरचा भाग आणि दिव्याची खोबण शाबूत असेल, तर मूळ पत्रा वाचवावा; तोही गेला असेल, तर ते बोल्टवर बसणारे असल्याने मूळ साच्याचे मागवणे सोपे आहे. मात्र सीमाशुल्क वस्तूच्या किमतीबरोबर वाहतूक खर्चावरही लागते आणि मडगार्डचे खोके वजनाने हलके असले तरी आकाराने अवाढव्य असते, हे आधीच हिशोबात धरावे. बॉनेटला चुंबक लावून पाहावे: सुरुवातीच्या गाड्यांची बॉनेट ॲल्युमिनियमची होती आणि पुढे ती पोलादी झाली. ते ॲल्युमिनियमचे निघाले, तर वर सांगितलेली गॅसची पद्धत तिथे चालणार नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सिल कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवी नळी जोडून घ्यावी, नाहीतर सांगाडा मधोमध खचतो आणि दरवाजा पुन्हा बसत नाही. फटी जुळवताना सुरुवात मागून करावी, कारण मागचे मडगार्ड वेल्ड केलेले असून ते हलत नाही: आधी दरवाजा, मग पुढचे मडगार्ड, शेवटी बॉनेट. आणि गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असल्यास २०२१ च्या नियमांनुसार ती पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते, चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. त्यामुळे संपूर्ण नवा सांगाडा मागवण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. मेहुण्यांचा पुढचा सल्ला तोच होता.