जुनी फायबर होडी: आधी ठोकून बघा, मग रंगवा

उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की काठावर पालथ्या पडलेल्या होड्या स्वस्तात हाती लागतात. मग दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि बहुतेकांत रंग आधी अन् तपासणी नंतर असा उलटा क्रम असतो.

बंद गॅरेजात काम केलं तर चालेल का? (जुळे सोलापूर)

नाही. रेझिन म्हणजे फायबरचे थर घट्ट जोडणारं चिकट द्रव्य. त्यातल्या स्टायरीन या रसायनाच्या वाफांनी डोकं गरगरतं आणि त्या पेटही घेतात. मोकळ्या शेडमध्ये करा. घासताना एन-95 मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

आपल्याकडच्या उन्हात हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) निम्माच टाकावा, असं दुकानदार सांगतो. खरं का? (सोलापूर)

अर्धवट खरं, म्हणूनच घातक. किलोभर रेझिनला साधारण 10 ते 20 ग्रॅम हार्डनर लागतो. उन्हाळ्यात 10 वर या, त्याखाली नको. त्याहून कमी पडला तर थर वरून वाळल्यासारखा वाटतो आणि आत कच्चाच राहतो. त्यापेक्षा सकाळी सातच्या आत कामाला लागा, एका वेळी अर्धा किलोच कालवा आणि तो खोल डब्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता. डब्यात तोच माल तापून धूर सोडतो. रेझिनमध्ये कोबाल्ट, म्हणजे ते लवकर कडक करायला मदत करणारं द्रव्य, आधीच घातलेला आहे का, हे विकत घेतानाच विचारा. नसेल तर आधी कोबाल्ट घालून ढवळा, हार्डनर त्यानंतर. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, भडका उडतो. हार्डनर डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा.

सोळा फुटी होडी घेतली. मशीन अडकवतात त्या मागच्या भिंतीला दोन बारीक भेगा आहेत. एम-सील भरून रंग दिला तर? (टेंभुर्णी)

नाही, नाही आणि नाही. ही मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, सबंध फायबरची नसते. बहुतेक जुन्या होड्यांत फायबरच्या दोन थरांमध्ये दीड इंचाच्या आसपास जाडीचा प्लाय असतो. बोल्टच्या आणि पाणी काढायच्या भोकांच्या कडा उघड्या ठेवल्या की पाणी झिरपतं. वरून चकाचक, आत लगदा. त्यावर मशीनचं वजन आणि रेटा येतो, आणि धरणाच्या मध्यावर ट्रान्सम सुटला तर मशीन पाण्यात जाईल आणि त्या जागेतून पाणी आत येईल.

प्लास्टिकच्या हातोडीने इंचाइंचावर ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर संशय. मग आतल्या बाजूने, तळाजवळ, 6 मिमीचं भोक पाडा आणि भुसा बोटांत चोळा. फिका, कोरडा असेल तर सुटलात. काळपट, ओला, कुजका वास मारणारा असेल तर प्लाय बदलायचाच.

आतला थर कापा, बाहेरचा शाबूत ठेवा, तोच साचा. सडका प्लाय खरवडा आणि वाळू द्या. दोन दिवस ऊन दाखवलं म्हणजे वाळलं, हा भ्रम सोडा. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. आतून थेंब जमले तर अजून ओल आहे. मग आयएस 710 चे, म्हणजे मरीन दर्जाचे, 18 मिमीचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवून, कडांना रेझिन पाजून रेझिनच्या घट्ट पुट्टीवर बसवा. आतून कोपरे गोलसर भरून काचतंतूंची 450 ग्रॅमची मॅट आणि 600 ग्रॅमचं रोव्हिंग (जाड विणीचं कापड) रेझिनमध्ये भिजवून आलटून-पालटून चढवा, बाजूंवर आणि तळावर किमान सहा इंच नेऊन. बोल्टची भोकं मोठी पाडून घट्ट इपॉक्सीने भरा, मग त्यातून नव्याने पाडा.

आणि प्लाय न बदलता भोकातून रेझिन टोचायचं ते ‘इंजेक्शन’? कुजलेल्या ओल्या लाकडात काहीही टोचलं तरी लाकूड परत येत नाही. नव्या रंगाची जुनी होडी विकणाऱ्यालाही हेच भोक पाडू द्यायला सांगा. कां-कूं करतो का बघा. कापण्याआधी मात्र फायबरचं काम करणाऱ्या जाणत्या कारागिराला एकदा दाखवाच.

फळीखाली थर्माकोल भरला तर होडी बुडणार नाही ना? (माढा)

पॉलिस्टर रेझिनने आणि पेट्रोलनेही तो विरघळतो. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्या, किती लागेल ते होडी आणि मशीनच्या वजनावरून जाणकाराकडून काढून घ्या.

तळाला बारीक फोड आलेत, फोडले तर आंबूस वासाचं पाणी येतं. (करमाळा)

जेलकोटमधून, म्हणजे होडीच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, आत गेलेल्या पाण्याने थर आतून खाल्ला जातोय. सगळे फोड उघडा, गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवा, काही आठवडे सुकू द्या, मग इपॉक्सीची पुट्टी भरा. त्यावर पॉलिस्टर जेलकोट चढवू नका, नीट धरत नाही. इपॉक्सीला चालणारा रंग लावा. फोड तळभर असतील तर खर्चाआधी होड्या तपासणाऱ्या सर्वेक्षकाला दाखवा.

दुरुस्तीनंतर फ्लेमिंगो बघायला पर्यटक नेता येतील? (कुगाव)

नोंदणीशिवाय नाही. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 लागू आहे. महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे चौकशी करा आणि तीही दुरुस्तीआधी, कारण नंतर थर उचकटून आत काय आहे ते दाखवता येत नाही. कापल्यापासूनचे फोटो आणि प्लायची पावती जपून ठेवा. मे 2024 मध्ये तुमच्याच कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले, ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. प्रत्येकी एक लाइफ जॅकेट, तेही अंगावर बांधलेलं.