आंब्याची बाग कराराने देताना कल्टार घालू द्यावे का?

रत्नागिरीकडची वडिलोपार्जित हापूसची बाग पाच वर्षांच्या कराराने द्यायची आहे, करार घेणारा कल्टार, म्हणजे मोहोर लवकर आणण्यासाठी मुळांशी घालायचे औषध, घालण्याची मुभा मागतो आहे, ती द्यावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, सहाव्या वर्षी ज्याला त्या झाडांचे तोंडही पाहायचे नाही, त्याच्या हाती ती बाटली देऊ नये.

माझे वडील गेल्यावर राजापूर तालुक्यातील आमची बाग काकांनी अशीच पाच वर्षांसाठी दिली, मला न विचारता. पहिल्याच हंगामात मोहोर लवकर आला, आंबा मार्चमध्ये वाशीला गेला आणि ‘तुझ्या बापाला पंचवीस वर्षांत जमले नाही ते याने एका वर्षात करून दाखवले’, असे काकांनी मला फोनवर सुनावले. पुढच्या ऑगस्टमध्ये मी गावी होतो. एक गडी पहारेने अगदी बुंध्याला लागून भोके पाडत होता आणि दुसरा चहाच्या कपाने प्रत्येक झाडाला सारखेच औषध ओतत होता, मग झाडाचा पसारा पंधरा फूट असो की पस्तीस. वास्तविक पसारा पूर्व-पश्चिम व दक्षिणोत्तर मोजून सरासरी काढावी, व्यासाच्या दर मीटरला 3 मिलिलिटर औषध धरावे, ते 3 ते 6 लिटर पाण्यात मिसळून बुंधा आणि पसाऱ्याची कडा यांच्या मधोमध पाडलेल्या 25 ते 30 भोकांत सारखे ओतावे, आणि हे काम 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान उरकावे, अशी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. मी हे बोललो, तेव्हा काका म्हणाले की, शहरात राहून बाग कळत नाही.

कल्टार म्हणजे खत नव्हे. ते झाडातील जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक दाबते, पालवी थोपवते आणि झाडाला मोहोराकडे वळवते. हापूस एरवी वर्षाआड धरतो. त्याची विश्रांती काढून घ्यायची, तर पोटाला तेवढे घालावे लागते. दहा वर्षांवरील कलमाला दरवर्षी 50 किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश द्यायला हवे. आमच्या बागेत पाच वर्षांत शेणखताची एक पाटी पडली नाही. चौथ्या वर्षी पेरी आखडली, पाने बारीक झाली, मोहोर कोबीच्या गड्ड्यासारखा घट्ट येऊ लागला, त्यात भुरी हा बुरशीचा रोग शिरला आणि फवारा आतपर्यंत पोहोचेना. करार संपला तेव्हा शेंड्याकडून फांद्या वाळत होत्या.

नंतर माझ्या वाट्याच्या झाडांची मी ऑक्टोबरात छाटणी केली, मधली उभी फांदी काढून ऊन आत घेतले आणि कापांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. काका दोन वर्षे माझ्याशी बोलले नाहीत. त्या छाटणीनंतर दोन कलमे खोडकिड्याने गेली, हे खरे आहे. किड्याने खोड पोखरून बुंध्याशी पाडलेला भुसा मी वेळेवर पाहिला नाही. काका अजूनही त्याच दोन झाडांचा दाखला देतात, उरलेल्या अठरांवर तिसऱ्या वर्षापासून आंबा धरला, त्याचा देत नाहीत. त्यांच्या वाट्याची झाडे आज एवढी उंच गेली आहेत की, शेंड्यावरच्या आंब्यापर्यंत झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, पोहोचत नाही.

एक मात्र मान्य केले पाहिजे की, छाटलेल्या झाडांची वाढ आवरण्यासाठी मी स्वतः कल्टार वापरतो, मोजून. दहा वर्षांखालील किंवा आधीच अशक्त झालेल्या झाडाला ते घालत नाही. कराराची रक्कम किती असावी हे मला सांगता येणार नाही, कारण त्यानंतर मी बाग कोणालाही दिलेली नाही. आपल्याला द्यावीच लागली, तर झाडागणिक मोजमापाची यादी करारपत्राला जोडावी, शेणखताची अट लेखी घालावी आणि भोके पाडायच्या दिवशी रजा काढून बागेत उभे राहावे. हे काम घरच्या वडीलधाऱ्यांवर सोपवू नये.