तूर-हरभरा नसलेल्या जंगलात नत्र येतं कुठून?

स्वीडन-फिनलंडच्या सूचिपर्णी जंगलात हवेतलं नत्र कोण धरतं, हा तुमचा प्रश्न. बरंचसं काम जमिनीवरच्या मॉसच्या (शेवाळासारख्या बुटक्या वनस्पतीच्या) गादीत होतं. प्लुरोझियम नावाच्या मॉसच्या पानांवर नॉस्टॉक हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे हवेतलं नत्र धरणारा सूक्ष्मजीव, राहतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत हेक्टरी वर्षाला दीड ते दोन किलो नत्र निघालं. इथे नागपूरकडे युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीतच जवळपास २१ किलो नत्र असतं, त्यामुळे हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिथल्या थंड, उपाशी मातीत तो फार मोलाचा आहे. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की नत्र कमी पडलं की मॉस स्वतःच रासायनिक संकेत सोडून नॉस्टॉकला बोलावतं! वरून नत्र टाकलं, तर हे काम मंदावतं. आपल्या तुरीच्या मुळांवरच्या गाठींचंही तसंच आहे.