चेहरा पाहून औषध ठरवू नकोस

प्रिय डॉक्टर,

कार्बामाझेपिन ही फिटची गोळी लिहिताना तुझा हात थांबला, हे फार बरं झालं. पण तू पुढे लिहिलंस, "पेशंट मणिपूरचा आहे म्हणून एचएलए-बी १५:०२ या जनुकाच्या रूपाची तपासणी करतोय, मराठी असता तर केली नसती." इथे माझं तुझ्याशी पटत नाही. चेहरा पाहून औषध ठरवू नकोस.

२००४ मध्ये तैवानमधल्या हान चिनी रुग्णांत या रूपाचा धोका प्रथम दिसला. या गोळीने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे कातडी सुटणारा जीवघेणा आजार, झालेल्या ४४ पैकी ४४ जणांत जनुकाचं हेच रूप होतं. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 'आशियाई वंशाच्या' रुग्णांची आधी तपासणी करायला सांगितलं. आता बघ, तैवानमध्ये साधारण बारा-तेरा माणसांमागे एकात ते सापडतं, तर जपानी-कोरियन लोकांत शंभरात एकातही नाही. शिक्का मात्र दोघांवर एकच. आणि २००९ च्या एका छोट्या भारतीय अभ्यासात असा त्रास झालेल्या आठांपैकी सहा जणांत ते निघालं. मग साताऱ्याच्या पेशंटला कुठल्या भरवशावर सोडणार होतास?

आधी तपासण्याचा फायदा तैवाननेच दाखवला. सुमारे पाच हजार जणांना तपासून, ज्यांच्यात ते रूप होतं त्यांना ही गोळी दिलीच नाही. एकालाही सिंड्रोम झाला नाही. हाँगकाँगमध्ये २००८ पासून तपासणी सक्तीची झाली, तेव्हा कित्येक डॉक्टरांनी ती टाळायला सरळ फेनिटोइन हे फिटचं दुसरं औषध लिहायला सुरुवात केली. कार्बामाझेपिनच्या केसेस थांबल्या, फेनिटोइनच्या वाढल्या, एकूण आकडा होता तिथेच राहिला. पळवाट काढू नकोस रे. पेशंट तरुण मुलगी असेल तर व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाकडेही वळू नकोस, पुढे गरोदरपणात बाळाला धोका असतो.

मी रिपोर्ट येईपर्यंत लेव्हेटिरॅसिटाम हे फिटचं वेगळं औषध देत असे. ते महाग पडायचं, घरचे कुरकुरायचे, सहकारी मला हटवादी म्हणायचे. म्हणू देत. ही तपासणी नव्हती त्या काळात एका मुलीच्या अंगाची कातडी सुटताना मी पाहिली आहे. ती वाचली, डोळे मात्र कायमचे अधू झाले. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, हे खरं. पण आता माहीत आहे, म्हणून मी आजही हटून बसतो.

वर्षानुवर्षं ही गोळी सुखाने घेणाऱ्यांना उगाच घाबरवू नकोस. धोका मुख्यतः पहिल्या दोन-तीन महिन्यांतला. नव्या पेशंटला मात्र, आणि त्याच्या घरच्यांनाही, नीट बसवून सांग: ताप, तोंडात फोड, डोळे लाल, अंगावर पुरळ, यातलं काहीही दिसलं की पुढची गोळी न घेता त्याच दिवशी इकडे या. फिटचं दुसरं औषध आपण लगेच देऊ. तुझं हिंदी त्यांना कळत नसेल तर वॉर्डात त्यांची भाषा येणारं कुणीतरी शोध. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी हे सगळं सांगायचंच, कारण इतर जनुकांमुळेही असा त्रास होतो आणि लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधानेही होतो.

तुझे सर