पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की उथळ तलावातलं शेवाळ मरतं का?

मरत नाही, दबतं. पाणी निवळलं की जोमानं उठतं. 'गढूळ पाण्यानं शेवाळ मरत असेल तर नाला थेट तलावात सोडावा का' असं तुम्ही विचारलंय. आमच्या मत्स्यसंस्थेच्या सभेत एका जाणत्या सभासदानं हेच ठासून सांगितलं होतं आणि त्यापायी आमचा तलाव नासला. म्हणून सविस्तर लिहितो.

मी भंडारा जिल्ह्यातला, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचा. तलाव माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातला, धानाच्या पाण्यासाठी कोहळी लोकांनी बांधलेला. उन्हाळ्यात मधोमध उभं राहिलं तरी पाणी छातीच्या वर जात नाही. वरच्या अंगाला, जिथून पाणी आत येतं, तिथे गवताचा आणि पाणवनस्पतींचा रुंद पट्टा होता. नाल्याचं पाणी त्यात पसरायचं, मंदावायचं आणि बरीचशी माती तिथेच टाकून पुढे यायचं. सभेनं तो पट्टा 'कचरा' ठरवला, पोकलेन लावून साफ केला आणि नाला सरळ आत घेतला. म्हणे तलाव लवकर भरेल. मी एकटा विरोधात होतो.

त्या पावसाळ्यात पाणी तांबूस, हात बुडवला तर बोटं दिसत नव्हती. शेवाळ नाही म्हणून सगळे खूश. पण उजेड तळाशी पोचेना, त्यामुळे तळाला रुजलेली हायड्रिला ही पाणवनस्पती कुजली. माशांची पिलं लपायची ती जागाच गेली. दिवाळीनंतर गाळ बसला आणि पाणी हिरवं व्हायला लागलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी वाऱ्याच्या बाजूला काठावर हिरवी साय जमली. पहाटे रोहू, कतला तोंड वर काढून तडफडत होते. रात्री शेवाळही ऑक्सिजन घेतं, सोडत नाही. आमच्या हंगामाची माती झाली.

मग दोष कुणाला? वरच्या शेतकऱ्यांच्या युरियाला! युरिया निर्दोष नाही, पण तो पाण्यात विरघळतो, नाला सरळ केला काय नि वाकडा ठेवला काय, बराचसा येतोच. शेवाळाचं दुसरं खाद्य असलेल्या फॉस्फरसचं तसं नाही. डीएपी, सुपर फॉस्फेट या खतांमधला बराच फॉस्फरस मातीच्या बारीक कणांना धरून बसतो आणि माती वाहिली की तिच्यासोबत तलावात उतरतो. तळाशी ऑक्सिजन संपला की लोहाला बांधलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो. उथळ तलावात वारा गाळ पुन्हा ढवळतो तो वेगळाच. चीनमधला ताइहू तलाव केवढा मोठा, पण सरासरी खोली २ मीटरच्या आसपास. २००७ साली तिथे निळं-हिरवं शेवाळ एवढं माजलं की वूशी शहराचं पिण्याचं पाणी बंद पडलं. त्या शेवाळाच्या काही जातींच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात. पाणी गढूळ असलं तरी त्या जाती वर तरंगून उजेड गाठतात. म्हणजे गढूळपणा उलट त्यांच्याच पथ्यावर पडतो.

चिकणमाती शेवाळाला चिकटून त्याला तळाशी नेते, हे खरं आहे. सभेत हाच मुद्दा माझ्या तोंडावर फेकला होता. पण तळाशी नेलेलं खत तलावातच राहतं ना?

तुमच्या तलावात गावाचं सांडपाणी येत असेल तर आधी ते थांबवा, तिथे माझं वरचं सगळं दुय्यम. तलाव खोल असेल तरी हिशोब बदलतो. बाकी नाल्याच्या तोंडाशी गवत राखा, पाणी पसरू द्या. गाळ काढायचा तर 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेतून काढा, पण सगळा तळ एकदम खरवडू नका, वनस्पतींचे पट्टे सोडा. आणि शेवाळ खायला ग्रासकार्प मासा सोडू असं कुणी म्हणालं तर सभेत उभं राहून नाही म्हणा. ग्रासकार्प पाण्यातली झाडं खातो, हे बारीक हिरवं शेवाळ त्याचं खाणं नाही. आमच्याकडे त्याच सभासदानं पुढच्या वर्षी तीच मागणी केली होती.